आधी पाणी पी, मग येणं सांग

मित्रांनो, मला जुना म्हणा, काळवंडलेला म्हणा, माझी हरकत नाही. फुटका मात्र म्हणू नका. माझ्या कडेला चीर आहे, पण ती शिवलेली आहे. मी भोपळ्याचा कटोरा. मांपोंग गावात एनो डुफीच्या घरी आल्यागेल्याला पाणी देणं हे माझं काम. एनो म्हणजे आई, पण आमच्याकडे कुठल्याही वयस्कर बाईला मानानं एनोच म्हणतात.

मी एनोच्या आईच्या परसातल्या वेलावर वाढलो. पिकल्यावर मला मधोमध कापलं, आतला गर खरवडून काढला आणि उन्हात वाळवलं. माझा दुसरा अर्धा भाग मक्याचं माप म्हणून बाजारात गेला. त्याची पुढं काही खबर नाही. मी एनोबरोबर तिच्या सासरी आलो.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला लगेच "काय काम काढलंस?" असं विचारत नाहीत. आधी बसायला स्टूल देतात, मग पाणी. पाहुणा दोन थेंब जमिनीवर सांडतो, ते गेलेल्या माणसांचे. मग तो पितो. मी रिकामा होऊन परत आलो की एनो म्हणते, "इथं सगळं शांत आहे. आता तुझं येणं सांग." येणं एकट्या घरमालकिणीला सांगून भागत नाही, शेजारी कुणीतरी साक्षीला लागतं. आमच्या घरात तो मान एनोच्या धाकट्या भावाचा, त्वुमासीचा. त्यानं आयुष्यभर लॉरी चालवली आणि इंजिनाच्या घरघरीत त्याचे कान गेले. त्यामुळे त्याच्यासमोर प्रत्येकाला आपलं येणं दोनदा आणि मोठ्यानं सांगावं लागतं. खोटं बोलणाऱ्याला ते फार जड जातं.

एनोचं बाजारात कापडाचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी, पण मोक्याच्या जागेवर. तिच्याकडे व्यापारी यायचे, चर्चची माणसं यायची, सोयरीक घेऊन यायचे. मी सगळ्यांच्या ओठांना लागलो. एकदा एक जण नकली छापाचं कापड खरं म्हणून खपवायला आला. पहिल्यांदा सांगताना ते कापड आबिजानहून आलं होतं. त्वुमासी म्हणाला, "काय? मोठ्यानं सांग." दुसऱ्यांदा सांगताना ते लोमेहून आलं. एनोनं त्याला जेवू घातलं आणि रिकाम्या हातानं वाटेला लावलं. "पाणी पिऊन माणूस खरा होत नाही," ती नंतर म्हणाली, "पण त्याची घाई जाते. आपलीही जाते."

एका हरमाटनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या कोरड्या धुळीच्या वाऱ्यात, मला चीर गेली. एनोनं दाभणानं भोकं पाडून ताडाच्या दोऱ्यानं मला शिवलं. शेजारणी म्हणाल्या, "अगं, नवा घे ना!" ती म्हणाली, "माझी मुलगी दात पडला म्हणून बदलली का मी?" माझं असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पुढं एनोचे गुडघे गेले आणि टपरी बंद राहू लागली. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, दातानं कोपरा फाडायचा आणि चोखायचं. मुलगी पोकुआ कुमासीला मोठ्या इस्पितळात नर्स झाली. ती महिन्याकाठी यायची ती स्वतःची बाटली घेऊन. एनो आत जाऊ लागली की पोकुआ म्हणायची, "राहू दे गं, माझ्याकडे आहे पाणी. ट्रोट्रोची गाडी सुटेल माझी, पटकन निघते." औषधं द्यायची, पैसे द्यायची आणि जायची. पाणी नाही, म्हणून येणं सांगणंही नाही. मला एनोनं सुक्या मिरच्या ठेवायला घेतलं. कुणाला दोष देत नाही, मिरच्याही कुठंतरी ठेवायलाच लागतात.

त्याच सुमारास डेस्मंड नावाच्या कुणा अनोळखी माणसाचा फोन सुरू झाला.

रोज सकाळी तो फोन करायचा. "एनो, गुडघा कसा आहे? झोप लागली का? काही खाल्लंत का?" पहिले काही दिवस एवढंच. मी फडताळावरून ऐकत होतो. एनोचा आवाज हळूहळू तरुण होत गेला. ती फोनच्या आधी तोंड धुऊन, डोक्याला कापड बांधून बसू लागली. मग एक दिवस टॉवर निघाला. गावाबाहेरच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर आहे, अंगणातून दिसतो. डेस्मंड म्हणाला, त्याचा एकेक पाय लोकांना विकायला काढलाय. पाय घेतला की दर महिन्याला भाडं घरबसल्या. एनोनं थोडे पैसे मोबाइलवरून पाठवले आणि पंधरवड्यात त्यातलेच थोडे "भाडं" म्हणून परत आले. आवळा देऊन कोहळा काढतात ना, तसं. कोहळा आमचाच चुलतभाऊ, म्हणून मला लगेच कळलं. पण मिरच्यांच्या कटोऱ्याला कोण विचारतो?

"आता पूर्ण पाय घ्या, एनो," डेस्मंड म्हणाला. "ती टपरी बंदच असते ना? विकून टाका. आणि मुलीला आत्ता सांगू नका. पहिलं मोठं भाडं आलं की एकदम सांगा, चकित होईल."

एनोनं गिऱ्हाईक शोधलं. सोमवारी टपरीचे पैसे मिळायचे होते. ती टपरी म्हणजे तिची सगळी पुंजी. त्यातून ती स्वतःच्या मयताचा खर्च करणार होती, गावात नाव निघेल असा, म्हणजे पोकुआवर भार नको.

ती संध्याकाळी टेकडीकडे बघत बसली होती तेव्हा त्वुमासी आला. "काय बघतेस गं एवढं?"

"तो डावा पाय," एनो त्याच्या कानाशी म्हणाली. "माझा आहे."

"तुझा पाय? तुला हे दोन सांभाळता येईनात, तिसरा कशाला?" त्वुमासी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. त्यानं तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि घरी जाऊन पोकुआला फोन लावला.

पोकुआ शुक्रवारी आली ती दारातूनच सुरू झाली. "एनो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? टॉवरचा पाय कुणी विकत घेतं का? उद्या कुणी ढगाचा तुकडा विकेल, तोही घेशील?"

"माझे पैसे आहेत. माझी टपरी आहे."

"तो चोर आहे, एनो!"

"असेल. पण तो रोज सकाळी माझा गुडघा विचारतो. तू विचारतेस? तू तर गोळ्या टाकून पळतेस, कोंबडीला दाणे टाकावेत तशी."

पोकुआ पाय आपटत स्वयंपाकघरात आली. तिची बाटली संपली होती आणि पिशव्याही संपल्या होत्या. फडताळावर हात फिरवताना तिला मी सापडलो. तिनं मिरच्या ओतल्या, मला घाईत विसळलं, रांजणातलं पाणी भरून एका दमात प्यायली. मग अशी खोकली की बाहेरून एनो ओरडली, "अगं, मिरच्यांचा आहे तो!" पोकुआच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळं मिरच्यांचं नव्हतं, एवढं मला कळतं.

बऱ्याच वेळानं ती मला हातात घेऊनच बाहेर आली. आता आवाज खाली होता. "एनो, एकच विचारते. हा डेस्मंड आपल्या घरी पाणी प्यायलाय का?"

"तो आक्राला असतो."

"त्यानं वोफासमोर आपलं येणं सांगितलंय?" मामाला आमच्याकडे वोफा म्हणतात.

एनो डोक्याचं कापड सारखं करू लागली.

"तू विक टपरी. मी सोबत येईन. पण आजवर या घरातून पाणी न पिता, येणं न सांगता कुणी काही घेऊन गेलंय का? उद्या त्याला बोलव."

"येईल की! का नाही येणार?" एनो म्हणाली. तिचा त्याच्यावर खरंच विश्वास होता, आणि ते ऐकून मला वाईट वाटलं.

शनिवारी एनोनं ताडफळांचं सार केलं, फुफूच्या गोळ्यांसाठी कसावाचे कंद उकडले, ठेवणीतलं निळं कापड नेसली. मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि पाणी भरून स्टुलावर ठेवलं. किती दिवसांनी! त्वुमासी आणि पोकुआ बसले. दुपार झाली. साराला साय धरली. मग फोन वाजला. त्वुमासीला ऐकू यावं म्हणून एनोनं आवाज मोठा केला.

"एनो, माफ करा हं. निघालोच होतो, पण ड्रायव्हरला ताप भरलाय. तुम्ही असं करा, जमेल तेवढी रक्कम आज पाठवा. संध्याकाळनंतर तुमचा पाय दुसऱ्याला जाईल."

"काय म्हणाला?" त्वुमासी ओरडला. "कुणाला ताप? मोठ्यानं सांग म्हणावं!"

"कोण बोलतंय, एनो?"

"माझा भाऊ. त्याला तुझं येणं सांग, बाळा. पुन्हा एकदा, नीट."

डेस्मंडनं पुन्हा सांगितलं. या वेळी गाडीचा पट्टा तुटला होता आणि पाय उजवा होता.

एनोनं टेकडीकडे पाहिलं. मग तिनं मला उचललं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मी. थोडं पाणी तिच्या निळ्या कापडावर सांडलं.

"डेस्मंड, पाणी भरून ठेवलंय. पी."

तो हसला. "काय एनो! फोनवरून पाणी कसं पिणार मी?"

"नाही पिता येत?"

"नाही हो!"

"मग पैसे कसे रे खाता येतात?"

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला. "आता काय म्हणाला?" त्वुमासीनं विचारलं. पोकुआ म्हणाली, "काही नाही वोफा, निरोप घेतला."

तुम्ही लोक अशा वेळी भ्रमाचा भोपळा फुटला म्हणता. भोपळ्याला उगीच मध्ये आणता. मी एनोच्या हातात होतो आणि धड होतो. फुटल्यासारखी ती दिसत होती. मला खाली ठेवून ती म्हणाली, "चोर होता. बरं झालं. पण उद्या सकाळी फोन येणार नाही."

पोकुआ उठून अंगणाबाहेर गेली, आणि आत्ताच कुमासीहून आल्यासारखी पुन्हा दारातून आत आली. स्टुलावर बसली. दोन्ही हात पुढं केले.

एनोला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं मला लेकीच्या हातात दिलं. पोकुआनं दोन थेंब सांडले आणि सावकाश प्यायली.

"इथं सगळं शांत आहे," एनो म्हणाली. "आता तुझं येणं सांग."

"मी काल तुला ओरडायला आले होते," पोकुआ म्हणाली. "दर महिन्याला गोळ्या द्यायला येते. पण माझं खरं येणं असं, की तुझ्याजवळ बसावंसं वाटतं, आणि तू थकलेली दिसतेस म्हणून मी पळून जाते. मला भीती वाटते गं, एनो."

त्वुमासी म्हणाला, "काय? मोठ्यानं सांग." तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

टपरी विकली नाही. बाजाराच्या दिवशी एनो ती उघडते, त्वुमासी शेजारी बसून गिऱ्हाइकांना सगळं दोनदा बोलायला लावतो. टेकडीवरच्या टॉवरकडे बघून एनो म्हणते, "मेल्याला चार पाय आणि एकही दुखत नाही." आणि रोज सकाळी फोन येतो, कुमासीहून. एनो मला भरून जवळ ठेवते आणि फोन कानाला लावून आधी विचारते, "पाणी प्यायलीस का?"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी रोज फोनची वाट बघत डोक्याला कापड बांधून बसत असेल. त्यांना शहाणपण शिकवायला जाऊ नका, ते त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जुनं आहे. बाटली पिशवीतच राहू द्या, बसा आणि पाणी मागा. यायला काही कारण नसलं तरी चालतं. पाणी पिता पिता आठवतं.