'पाहुणी' आवडायला लागली तेव्हा

पियूषचा फोन आला तेव्हा मी मासे साफ करत होते, आणि हाताच्या वासापेक्षा त्याच्या बोलण्याचाच मला जास्त वीट आला.

"वहिनी, दादा आहेत का? मी त्यांचा किती मोठा फॅन आहे, तुम्हाला कल्पना नाही."

मला चांगलीच कल्पना होती. सहा वर्षांपूर्वी याच पियूषने इंटरनेटवर लिहिलं होतं की 'पाहुणी'ची इथूनतिथून दोन गाणी कशीबशी ऐकली आणि कॅसेट काढून टाकली. आम्ही रॉक ऐकायला आलोय, मेंढरं वळायला नाही. शैलेश ते विसरला असेल. मी विसरत नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्यात राग लोणच्यासारखा मुरतो.

शैलेश, म्हणजे माझा नवरा, तेव्हा 'गारगोटी' या बँडमध्ये गायचा. गाणी त्याची, चाली त्याच्या. पहिला अल्बम 'ठिणगी' नव्याण्णव साली आला आणि कॉलेजच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. दुसरा 'पाहुणी', दोन हजार दोनचा. या दोन अल्बमच्या मध्ये आम्हाला मुलगी झाली आणि दीड दिवसात गेली.

आम्ही पिरंगुटजवळ चांदे गावात नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि आमची इथे वीतभर जमीन नव्हती. शेजारचा बिरू मेंढरं राखायचा, थोडी शेतीही करायचा. तो आपणहून दारात येऊन म्हणाला, "माझ्या रानात कडंला जागा हाय. कुनाला इचारायचं न्हाई." खड्डाही त्यानेच खणला.

'पाहुणी' हा अल्बम म्हणजे हे सगळं आहे. सात गाणी. पहिलं 'वाट', नऊ महिन्यांचं. मग 'पाहुणी', ती येणार म्हणून घर आवरतानाचं. मग मी माझ्या साडीचं शिवलेलं 'दुपटं', हॉस्पिटलची 'खिडकी', 'निरोप', आणि 'रान', ज्यात बिरूचा ढोल आणि बिरूचा आवाज आहे आणि मागे त्याची मेंढरं ओरडतात. सगळ्यात शेवटी 'अंगाई', जी ऐकायला पाळण्यात कुणी नाही. शैलेश या क्रमासाठी कंपनीवाल्यांशी भांडला होता. त्यांना अंगाई आधी हवी होती, चाल गोड होती म्हणून. तो म्हणाला, तिथपर्यंत चालत येईल त्यालाच ती ऐकायला मिळेल.

मी म्हटलं होतं, कव्हरवर एक ओळ तरी लिही, मुलीसाठी म्हणून. तो म्हणाला, "लिहायचं कशाला? ऐकणाऱ्याला कळेल." तेव्हापासून तो त्या ऐकणाऱ्याची वाट बघत होता. हजार नकोत, एक माणूस. कुणीतरी यावं आणि म्हणावं, मला कळलं.

आलं कुणीच नाही. पुण्याच्या कार्यक्रमात त्याने 'रान' सुरू केलं आणि पुढच्या रांगांमधली पोरं बें बें करून ओरडायला लागली. आधी चारपाच जण, मग सगळं सभागृह. मी विंगेत उभी होते. शैलेशने गाणं पूर्ण केलं, गिटार स्टँडवर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. आता तो उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि मी पिरंगुटच्या शाळेत शिकवते.

'गारगोटी' त्याच्याशिवाय चालू राहिली. दोन हजार सातच्या दिवाळीत त्यांचा नवा अल्बम आला, 'फुल चार्ज' नावाचा. तो मी मुद्दाम ऐकला, आणि मनापासून आनंद झाला इतका तो भिकार होता. एक गाणं तर थेट मोबाइलच्या जाहिरातीतच गेलं. मग फॅन मंडळींना उपरती झाली. ऑर्कुटवर गळे काढणं सुरू झालं की खरी 'गारगोटी' 'पाहुणी'तच होती, तो काळाच्या पुढचा अल्बम होता, तेव्हा लोकांना समजला नाही. लोकांना म्हणे. बें बें करणारे जणू परग्रहावरून आले होते. बैल गेला आणि झोपा केला, त्यातही झोपा करणारे तेच, ज्यांनी बैल हुसकावून लावला.

आणि आता फोन. मुळशीच्या बॅकवॉटरला एका मित्राचं फार्महाऊस आहे, रविवारी सगळे जमून 'पाहुणी' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार आहोत, दादांनी यावंच.

मी शैलेशला सांगितलं, "जायचं नाही. मेल्यावर तोंडात पाणी घालायला आलेत."

"मेलोय कुठे मी?" तो म्हणाला. त्याने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, तेव्हाच मी ओळखलं.

बिरूला विचारलं, कारण 'रान' त्याचंही होतं. तो मेंढरांना पाणी दाखवत होता. "जावा की," तो म्हणाला. "मानसं बोलावत्यात तर जावं. आन् लईच वंगाळ वाटलं तर उठून यावं. पाय तर आपलेच हायेत."

जानेवारीतलं ऊन छान होतं. मोटारसायकलवर शैलेश कधी नव्हे तो गुणगुणत होता आणि मला त्या गुणगुणण्याची भीती वाटत होती. पौडच्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, "यांच्यातल्या एकाला तरी कळलं असेल, जुई. त्याशिवाय बोलावतील का?"

फार्महाऊसवर पंचवीसतीस जण होते. सगळे हिंजवडीत नोकरी करणारे, महाळुंगे, बाणेर, बावधनमध्ये फ्लॅट घेतलेले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे काळे टी-शर्ट, आणि टी-शर्टवर काय, तर मेंढी. मेंढीच्या गळ्यात गिटार. ज्या मेंढरांवरून माझ्या नवऱ्याला स्टेजवरून घालवलं, तीच यांनी प्रेमाने छातीवर छापून आणली होती आणि त्यात काही गैर आहे हे एकाच्याही ध्यानात नव्हतं.

पियूष धावत आला. हातात कोंबडीची तंगडी, बोटं तेलकट, त्याच हातांनी त्याने शैलेशला मिठी मारली. इस्त्रीच्या शर्टावर पाठीला पाच बोटं उठली.

"दादा, मी तर पहिल्यापासून म्हणतोय, 'पाहुणी' इज द रिअल थिंग."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" मी विचारलं.

तो हसला. असल्या माणसांचं हसू शेवाळलेल्या पायरीसारखं असतं, त्यावर कुठलाच प्रश्न उभा राहत नाही. त्याने शैलेशला एक टी-शर्ट दिला आणि शैलेशने तो घातला. नवरा असं काही करतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही, म्हणून मी पाण्याकडे बघत राहिले. तर तिथेही थर्माकोलच्या प्लेटा तरंगत होत्या.

मृण्मयी नावाची एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. "'रान'मधलं ते ढोलाचं फोक सॅम्पल दादांनी कुठून घेतलं हो? आमच्यात त्यावर केवढी चर्चा झालीय."

"सॅम्पल चांद्याला राहतं," मी म्हटलं. "त्याला दोन मुली आहेत आणि गुडघेदुखी आहे."

तिला ते विनोदी वाटलं.

मग सगळ्यांना गप्प करण्यात आलं. मोबाइल बंद. पियूषने लॅपटॉप मोठ्या स्पीकरना जोडला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. कॉलेजात असताना गणपतीची आरतीही त्याने एवढ्या भक्तीने म्हटली नसेल.

'अंगाई' सुरू झाली.

मला वाटलं, चुकून शेवटचं गाणं लागलं. मी शैलेशकडे पाहिलं. तो ताठ बसला होता. पण पियूष हलला नाही, कुणीच हललं नाही. अंगाई पूर्ण झाली आणि 'दुपटं' सुरू झालं. मी उठून लॅपटॉपच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर गाण्यांची नावं इंग्रजीत एकाखाली एक होती. मी रोज सकाळी पटावरची हजेरी घेते. मला कळायला क्षणही लागला नाही. एबीसीडीप्रमाणे लागली होती. अंगाई, दुपटं, खिडकी, निरोप, पाहुणी, रान, वाट. कुणीतरी कॅसेटवरून गाणी कॉम्प्युटरवर घेताना नुसती नावं टाकली, नंबर टाकले नाहीत, आणि मशीनने आपल्या अकलेने ती मांडली. तेच ऑफिसाऑफिसांतून फिरलं. या लोकांनी 'पाहुणी' कधी ऐकलीच नव्हती.

पाऊण तास मी तिथे उभी होते. आमच्या मुलीचं आधी सगळं संपलं आणि मग तिची वाट बघणं सुरू झालं. 'निरोप'ला मृण्मयी रडली. 'रान'ला दोघातिघांनी मान डोलावली आणि मागच्या एकाने बियरची बाटली उघडली. मला एकेकाच्या कानशिलात द्यावीशी वाटत होती.

संपल्यावर टाळ्या. मग पियूष उभा राहिला.

"आपण सगळ्यांनी यावर किती लिहिलंय. पण दादांसमोर एकदा बोलायलाच हवं. बघा, सुरुवात अंगाईने. म्हणजे मूल जन्मलं, मुलगी. मग दुपटं, तिचं बाळपण, आई ते जपून ठेवते. मग खिडकी, ती तरुण झाली, खिडकीत उभी राहून बाहेरचं जग बघते. मग निरोप, लग्न होऊन गेली. मग ती पाहुणी म्हणून माहेरी येते. स्वतःच्या घरात पाहुणी! मग बाप म्हातारा, एकटा रानात फिरतो. आणि शेवटी वाट. दोघं म्हातारी तिची वाट बघतात. एका मुलीचं अख्खं आयुष्य, सात गाण्यांत. दादा, हा क्रम म्हणजे जीनियस आहे. सगळी जादू या क्रमात आहे. कसा सुचला तुम्हाला?"

पंचवीसतीस मेंढ्या शैलेशकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, एबीसीडीपासून बिरूच्या रानापर्यंत, आणि मला त्यांचे चेहरे पडलेले बघायचे होते. सहा वर्षं मी त्यासाठीच थांबले होते असं वाटलं.

"हा क्रम," मी सुरुवात केली.

"जुई," शैलेश म्हणाला. मोठ्याने नाही. मग पियूषकडे वळून म्हणाला, "खूप विचार करून लावलाय."

पुन्हा टाळ्या. पियूषने जाहीर केलं की मार्चमध्ये पुण्यात हॉल घेऊ, दादा 'पाहुणी' अख्खी गातील, याच क्रमाने. शैलेश हो म्हणाला. मी उठले आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिले. पाय आपलेच होते.

परत येताना पौडच्या अलीकडे मी त्याला गाडी थांबवायला लावली. अंगात अजून तो टी-शर्ट होता.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "कोंबडीच्या एका तुकड्यावर विकलास तिला. तुझा क्रम होता तो. त्यासाठी भांडला होतास. त्यांतल्या एकाला काही कळलेलं नाही आणि तू मान डोलावलीस. मला त्यांची किळस आली होती, आता तुझी येतेय."

तो गाडीवरून उतरला. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"अंगाई लागली तेव्हा मला उठून जायचं होतं," तो म्हणाला. "मग दुपटं लागलं. मी म्हटलं, अरे, अंगाईनंतर दुपटं. मग खिडकीत ती उभी होती. मला दिसली, जुई. माझीच गाणी होती, मीच लिहिलेली, आणि त्यात ती मला कधी दिसली नव्हती. माझ्या क्रमात ती मरते. मी कितीही वेळा ऐकलं तरी मरते. यांच्या क्रमात ती मोठी होते."

रस्त्याने मुळशीकडून परतणाऱ्या गाड्या जात होत्या, पुण्याकडे. त्यातल्या एकीतून 'अंगाई' ऐकू आली आणि पुढे गेली.

"शाळेत जाते," शैलेश म्हणाला. "लग्न होतं. रुसून येते, राहते, जाते. आणि आपण वाट बघतो ती येणारीची बघतो. मी त्यांना काय सांगायला हवं होतं?"

ती माणसं मला आजही सहन होत नाहीत. त्यांचं चुकलेलं आहे, ते मूर्ख आहेत, आणि त्यांनी माझ्या मुलीच्या मातीवर बसून कोंबडी खाल्ली, हे मी मरेपर्यंत म्हणेन. तेव्हाही मला हेच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच आलं.

"'निरोप'ला ती केवढी असेल रे?"

शैलेशने विचार केला. खरोखर विचार केला, हिशेब मांडल्यासारखा.

"एकवीस?" तो म्हणाला.

"एवढ्या लवकर द्यायची नाही," मी म्हटलं.