काठीचा रबरी बूट

मी एक जुनी काठी आहे आणि माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, हा स्वभाव मी झाडाकडून आणलेला नाही. सुताराने मला तासले, वाकवून मूठ दिली, पायात रबरी बूट चढवला, तेव्हा मी चांगली भोळी होते.

माझा पहिला मालक एक कारकून. दुखापतीचा दाखला मिळवायला तो डॉक्टरांसमोर माझ्यावर रेलून कण्हायचा आणि फाटकाबाहेर पडला की मला काखोटीला मारून बसमागे धावायचा. एकदा तर दुखरा पाय कोणता, हेच तो विसरला. दाखला मिळाला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात आले. माझा बूट तेव्हाही कोरा करकरीत होता. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. माझे तसेच झाले.

तिथून काकूंनी मला त्यांच्या नवऱ्यासाठी, फौजीकाकांसाठी घरी आणले. काका सैन्यातून निवृत्त झालेले. ताठ कणा, अंगावर जखमेचा एक व्रण नाही. मी मनात म्हटले, आला आणखी एक सोंगाड्या. मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. काकांची सारी नोकरी जमिनीखालच्या संदेशकक्षात गेली होती. उजाडण्याआधी खाली उतरायचे, अंधारल्यावर वर यायचे. ऊन अंगाला लागलेच नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडले आणि हाडे आतून मऊ झाली. हे डॉक्टर सांगत, पण मला ते पटत नव्हते. घरात कुणी नसताना काका कसे उठतात, हे पाहीपर्यंत. मांड्यांवर हात रोवून ते स्वतःलाच वर चढवत आणि बदकासारखे डुलत न्हाणीघराकडे जात. बघायला कुणी नव्हते, तरी सगळा भार माझ्यावर होता. माझा बूट एका अंगाने झिजून गेला. कारकुनाने जे कधी केले नाही, ते काकांनी केले. मला काका आवडू लागले.

मग अपंगत्वाच्या तपासणीचे बोलावणे आले. हा आजार नोकरीमुळे झाला असे ठरले, तरच पुढचे उपचार सैन्य करणार होते. तपासणी म्हटली की फौजी माणूस सगळे लखलखीत करणार. काकांनी दाढी केली, बूट चमकवले, मला तेल लावले. काकू माझा झिजका बूट मापाला घेऊन दुकानात गेल्या आणि मला नवा चढवला.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी मलाच उलटे केले.

"काठी कधीपासून वापरता?"

"तीन वर्षं झाली, साहेब."

"आणि बूट कालचा?" डॉक्टर हसले. "ड तर आजकाल सगळ्यांचंच कमी असतं हो. उठा बघू, हात न टेकता."

मला कोपऱ्यात उभे केले होते. काका दात आवळून अर्धे उठले, पुन्हा बसले, पण तोंडातून हूं की चूं नाही. साहेबांपुढे कण्हायची त्यांना सवयच नव्हती.

"अहो, कण्हा तरी," काकू पुटपुटल्या. डॉक्टरांच्या भुवया आणखीच वर गेल्या. मला वाटले, संपले सगळे. खोट्याचे खरे करून कारकून सुटला आणि आमच्या खऱ्याचे खोटे होणार.

काकूंनी पर्स उघडली. "हा घ्या जुना. मापाला नेला होता, तो तसाच राहिला."

डॉक्टरांनी तो झिजका बूट फिरवून पाहिला. मग मला काकांच्या हातात देऊन त्यांना चालायला लावले आणि मी जमिनीला कशी टेकते, ते वाकून पाहिले. झिजलेली बाजू बरोबर तीच. शेवटी त्यांनी काकांच्या नडगीवर अंगठा दाबला. या वेळी ते काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वेदनेने काकांचे डोळे भरून आले.

"हा बूट आम्ही ठेवून घेतो," डॉक्टर हळूच म्हणाले.

"ठेवा. पण तसं लिहून द्या," काकू म्हणाल्या. त्याही आता माझ्यासारख्याच झाल्या होत्या.

उपचार मंजूर झाले. आता काका सकाळी दारात उन्हात बसतात. शेजारी म्हणतो, "मजा आहे बुवा." हाडे भरत आहेत आणि माझा नवा बूट फारसा झिजत नाही. काकू तो रोज पाहतात आणि खूश होतात. मग त्यांना पुढची तपासणी आठवते आणि त्यांचा चेहरा उतरतो.

मित्रांनो, संशय जरूर घ्या, मीही घेते. पण तो घेऊन उठून जाऊ नका. माणूस एकटा असताना कसा चालतो, तेवढे पाहायला थांबा.