गुंजांची मनगटी

समीक्षाने माळ उचलली, उजेडात धरली आणि अलगद परत टेबलावर ठेवली. मग तिने बोटं ओढणीला पुसली.

"बाई, या गुंजांना भोकं तुम्हीच पाडली का?"

"मग कोण पाडणार?" सुहासिनी हसली. "टणक असतात गं. आधी तापवलेली सुई, मग बारीक गिरमिट. हाताला फोड आले."

चिखलीच्या मंगल कार्यालयात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. एका बाजूला पापड-कुरड्या, दुसऱ्या बाजूला मसाले, आणि मधे निवृत्त शिक्षिका सुहासिनीचं टेबल. चिंचोक्यांचे हार, रिठ्यांच्या माळा, करंजाच्या शेंगांची तोरणं. सगळ्यांत पुढे लालचुटूक गुंजांचे दागिने, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेला एक मोठा फोटो. वर्षभराची एक मुलगी, हातात गुंजांची मनगटी, आणि मनगटीसकट मूठ तोंडात.

समीक्षा सुहासिनीची जुनी विद्यार्थिनी. आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती फोटोकडेच बघत होती.

"हे बाळ कोणाचं?"

"आमच्या शेजारच्या नसीमाभाभींची नात, महनूर. पहिल्या वाढदिवसाला मी दिली ही मनगटी."

"अजून घालते?"

"घालते म्हणजे? काल संध्याकाळी गेले तेव्हाही हातातच होती."

समीक्षाने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, गुंज विषारी असते. अख्खी गिळली तर बरेचदा तशीच बाहेर पडते, वरचं कवच टणक असतं म्हणून. पण भोक पाडलं की कवच गेलं. एवढ्याशा लेकरानं एक जरी चावून खाल्ली तरी..."



"काहीतरीच. सोनार गुंजांनी सोनं तोलायचे."

"तोलायचे, बाई. खात नव्हते."

सुहासिनीने हात लांब करून फोटो पालथा घातला. तो पालथा का घातला हे तिला सांगता आलं नसतं. मग तिने नसीमाभाभींना फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"हे सगळं उचल," ती समीक्षाला म्हणाली. "गुंजांचं जे असेल ते पिशवीत भर. कोणाला हात लावू देऊ नको."

चपला घालायचं भान तिला फाटकाबाहेर आल्यावर आलं. ती परत गेली नाही. समोर उभ्या ऑटोत तशीच बसली.

ऑटो बाजारातून धक्के खात निघाला. सुहासिनीचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. नवरा, भालचंद्र, गेल्यानंतर याच हातांना वर्षभर काही काम नव्हतं. मग एका सकाळी, कोणीतरी बळेच फिरायला नेलं म्हणून ती गावामागच्या टेकाडावर गेली होती. बाभळीवर चढलेल्या एका वेलीच्या शेंगा तडकल्या होत्या, आणि आतून लाल दाणे काळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. तिने ओंजळभर पदरात बांधून आणले. त्या दिवसानंतर तिची नजरच बदलली. गांधीलमाशीने भिंतीला लावलेलं मातीचं घर, चाळणीतून जमिनीवर उतरलेलं ऊन, साऱ्यापाशी ती थांबू लागली. मनगटीची कल्पनाही तशीच सुचली. नसीमाभाभींच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्या लाल पसाऱ्यातून एक काळी कोंबडी ऐटीत चालत गेली. दोन गुंजा, एक काळा मणी. दोन गुंजा, एक काळा मणी. घरी येऊन तिने त्याच दिवशी ओवायला घेतली होती.

आणि वाढदिवसालाच काढलेला तो फोटो. महनूरने मूठ तोंडातून बाहेर काढली होती, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "राहू दे, राहू दे, तोंडातच धर. छान दिसतंय."

सुहासिनीने ऑटोवाल्याला आणखी जोरात हाकायला सांगितलं.

नसीमाभाभी अंगणात सुपात तुरीची डाळ घेऊन बसल्या होत्या. मुलगा अकील आणि सून दिवसभर कापडाच्या दुकानात असत; नात आजीपाशी. महनूर पालथ्या वाटीवर चमचा आपटत होती. तिची दोन्ही मनगटं रिकामी होती.

"मनगटी कुठे आहे?"

नसीमाभाभी दचकल्या. "बाई, तुम्ही तर परदर्शनात होत्या ना? अन् चपला काऊन नाही पायात?"

"मनगटी कुठे आहे, भाभी?"

"हाय ना. आंघोळ घालताना काढली. आणतो."

त्या लगबगीने आत गेल्या आणि एक स्टीलची डबी घेऊन आल्या. सुहासिनीने मनगटी बोटांवरून फिरवली. दोन गुंजा, काळा मणी. दोन गुंजा, काळा मणी. एक गुंज, काळा मणी.

तिने पुन्हा फिरवून पाहिली. मग ती तिथेच जमिनीवर बसली.

"यातला एक दाणा नाहीये," ती म्हणाली. "भाभी, हे विष आहे. मला आत्ता कळलं. गुंज पोटात गेली तर..."

नसीमाभाभींचा पाय लागून सूप कलंडलं. डाळ अंगणभर झाली. सुहासिनीने महनूरला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. महनूरने ते बोट चावलं आणि ती हसली.

"बाई, ऐका तर..."

"ऐकायला वेळ नाही. ऑटो उभाच आहे."

वाटेत नसीमाभाभींनी नातीला छातीशी आवळून धरलं होतं. दोनदा त्यांनी "बाई..." म्हणून सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा सुहासिनीने ऑटोवाल्याला घाई करायला सांगितलं.

डॉक्टरांनी महनूरला टेबलावर झोपवलं. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. उलटी? जुलाब? ताप? रक्त? नसीमाभाभी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत होत्या.

"दाणा कधी गेला पोटात?"

सुहासिनीने नसीमाभाभींकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या.

"पोटात नाही गेला, साहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "माह्या हातात फुटला तो. बाईनं वाढदिवसाला मनगटी दिली ना, त्याच दिवशी. मी काढाले गेलो तर दाणा फुटून खाली पडला. मी तो नालीत टाकला. लेकरू सारंच तोंडात घालते, घशात अटकन म्हून भेव वाटलं. तवापासून काढूनच ठेवली."

"पण काल संध्याकाळी मी आले तेव्हा तर हातात होती," सुहासिनी म्हणाली.

नसीमाभाभींनी डोक्यावरचा पदर नीट केला. सुहासिनीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बाई फाटकातून हाक मारतात. तेवढ्यात घालतो. त्या बसल्या असल्या की मी हिचा हात धरूनच बसतो, तोंडाकडे जाऊ देत नाही. बाई गेल्या की काढतो."

 डॉक्टरांनी महनूरला उचलून आजीकडे दिलं. ते म्हणाले की वाढदिवसाला बरेच दिवस झाले आहेत, काही व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं. तरी दोन दिवस लक्ष ठेवा, काही वाटलं तर लगेच घेऊन या. मग त्यांनी सुहासिनीला विचारलं, "अशा आणखी कोणाला दिल्यात का?"

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. सुहासिनी धुळीने भरलेल्या आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती. संध्याकाळी फाटकाशी हाक मारल्यावर "या, बाई" असं उत्तर यायला जरा वेळच लागायचा. भाभी स्वयंपाकात असतील, असं तिला वाटायचं.

"मला सांगायचं होतं ना, भाभी."

"कसं सांगू? साहेब गेल्यापासून तुम्ही घराबाहेर निघत नव्हत्या. अन् त्या दिवशी हसत आल्या. तुमचं तोंड पाहून मले सांगवलंच नाही." नसीमाभाभींनी महनूरला मांडीवर सावरलं. "घालाची अन् काढाची. त्यात आपलं काय जाते?"

 सुहासिनीने फोन काढला आणि ज्यांनी ज्यांनी गुंजांचं काही नेलं होतं त्यांना एकेक करून लावायला सुरुवात केली.

पिंपळगाव राजाच्या एका बाईंची माळ शोकेसमध्ये होती, काचेआड. ओळखीतल्या गार्गीने कपाटात ठेवली होती, घडीच्या साडीखाली. एकीने पुढे कोणाला तरी भेट दिली होती. तिने लगेच विचारून सांगितलं की तिथेही ती डब्यातून निघाली नव्हती. आणखी एकीला तर कुठली मनगटी हे आठवायलाच वेळ लागला. प्रत्येक उत्तरासरशी सुहासिनीचा श्वास मोकळा होत होता, आणि प्रत्येक उत्तरासरशी तिचा आवाज बारीक होत होता. "बरं झालं," ती प्रत्येकीला म्हणाली. "घालू नका. मी न्यायला येते."

शेवटचा फोन धाड गावच्या गोजरबाईंना होता. गेल्या महिन्यात त्यांनी नातीसाठी मनगटी नेली होती.

"हाव बाई, वळखलं ना," गोजरबाई म्हणाल्या. "मीच फोन करनार होतो तुम्हाले. आमची पोरगी ते मनगटी काढूच देत नाही. आंघोळीले घालून, झोपतेबी घालून. शेजारच्या पोरीनं हात लावला तर चावली तिले."

सुहासिनी उभी राहिली.

"गोजरबाई, आत्ताच्या आत्ता ती काढा. ओढू नका, कात्रीने दोरा कापा. दाणे सगळे आहेत का बघा. एकही सांडू देऊ नका."

"काऊन बाई? काय झालं?"

"ते दाणे विषारी आहेत. मला माहीत नव्हतं. मी केली, पण मला माहीत नव्हतं."

 पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. गोजरबाईंनी सुनेला हाक मारली. भांडं पडलं. कोणीतरी धावत गेलं. नसीमाभाभी महनूरला कडेवर घेऊन सुहासिनीच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. आणि मग फोनमधून एक किंकाळी आली, तिच्यामागून रडणं.

सुहासिनीने डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने गोजरबाईंचा आवाज आला. धाप लागलेला. "निघाली बाई. सारे दाणे हायेत. दोनदा पाह्यले. फुटला नाही एकबी."

"मुलगी बरी आहे ना? जेवते? उलटी वगैरे?"

"जेवते, खेळते. काही नाही झालं तिले. आता कशी हाय ते तुम्हीच आयका."

रडणं आता फोनच्या जवळ आलं होतं. मोठ्या, मोकळ्या गळ्याचं रडणं. त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

"माही... माही..."

"मनगटी माही हाय म्हनते. फोन ठेवू का बाई?" गोजरबाईंनी विचारलं.

"थांबा जरा," सुहासिनी म्हणाली. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि ती ऐकत राहिली.