पडद्याआडचा रघुपती

सुनंदाला रघुपतीचा चेहरा तोंडपाठ होता. डाव्या भुवईवरचा व्रण, हसू दाबताना खाली ओढला जाणारा ओठ, दाढी करताना हनुवटीखाली हमखास राहून जाणारे चार केस. त्याच्या आईलाही इतकं ठाऊक नसेल. रघुपतीला मात्र सुनंदाचा चेहरा जेमतेमच ठाऊक होता, कारण कामाच्या वेळी दोघांमध्ये काळा पडदा असायचा.

के. आर. पुरमच्या पलीकडे, पत्र्याच्या एका शेडमध्ये, दारावरच्या बेलमध्ये बसवायचे चिमुकले कॅमेरे जुळवले जात. बेल दाबली की बाहेरच्या माणसाचं तोंड घरातल्या छोट्या स्क्रीनवर दिसायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि बेंगळुरूच्या बंगलेवाल्यांना हे नवं खूळ लागलं होतं. सुनंदाचं काम भिंग बसवण्याचं. भिंगाची नळी आट्यांवर केसभर फिरवायची, म्हणजे समोरच्या तक्त्यावरच्या बारीक रेघा मॉनिटरवर सुट्या दिसू लागत. मग चारही कोपरे बघायचे. एखादा कोपरा अंधुक दिसला तर समजायचं की भिंगामागचा सेन्सर तिरका बसलाय. स्क्रू सैल करून तो सरळ करायचा. सगळं जमलं की चिकटद्रव्याचा एक थेंब. तो वाळला की भिंग जन्माचं पक्कं.

मालक त्रिविक्रम म्हणायचा, गिऱ्हाईक काय रेघा बघायला कॅमेरा घेतं? माणूस बघायला घेतं! म्हणून थेंब टाकण्याआधी खरा चेहरा बघायचाच, हा त्याचा दंडक. त्यासाठी पॅकिंगमधल्या रघुपतीला स्टुलावर बसवलं होतं, कारण हा गृहस्थ अजिबात चुळबुळ करत नसे. पडद्याला भोक, भोकात कॅमेरा; पलीकडे दिव्याखाली रघुपती, अलीकडे अंधारात सुनंदा. तिनं "उठा" म्हटल्याखेरीज तो जागचा हलायचा नाही.

सुनंदाचं लग्न राहून गेलं होतं. जयनगरला भावाच्या घरात ती राहायची. तिथं तिला कुणी वाईट वागवत नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. भांडायलासुद्धा कुणाला तिची आठवण व्हायची नाही. भाऊ मोहनकुमारला कापडाचं दुकान, वहिनीला भजनी मंडळ, मुलांना शिकवण्या. सुनंदा सकाळी डबा घेऊन गेली, संध्याकाळी रिकामा घेऊन आली, की घराचं तिच्यापुरतं भागलं. दिवसभर ती एका माणसाकडे टक लावून बघत होती आणि तिच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं.

एका शुक्रवारी पडद्यापलीकडून आवाज आला. "सुनंदाबाई, एक बोलू काय?"

"बोला की. मान स्वल्प डावीकडे घ्या."

त्यानं मान घेतली. "निपाणीला भावानं दुकान घातलंय. बोलवायलाय मला. रविवारी जायलोय, कायमचा. तुम्ही ऱ्हा म्हटलं तर ऱ्हातो."

मॉनिटरवर सुनंदा त्याचे कान बघत राहिली. ते लाल झालेत की काय, हे काळ्या-पांढऱ्या चित्रात कळेना.

"हितं काय बोलू नका," तो घाईनं म्हणाला. "रविवारी सकाळी घराकडं येतो. दार उघडलं तर मी समजलो. न्हाई उघडलं तर तसाच ठेसनाला जातो. मनात काय बी धरणार न्हाई."

"सरी, बरं," एवढंच ती म्हणाली. त्या कॅमेऱ्यात थेंब टाकायला ती चक्क विसरली.

रविवारी मोहनकुमारचं कुटुंब देवनहळ्ळीला लग्नाला गेलं. डोकं दुखतंय म्हणून सुनंदा मागं राहिली, आणि कुणी आग्रहही केला नाही. तिनं ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली, शिरा केला, दोन वाट्या मांडून ठेवल्या. मनाशी सगळं ठरलेलं होतं. दार उघडायचं, एवढंच काय ते बाकी होतं.

बेल वाजली. दसऱ्याच्या आयुधपूजेला मालकानं मिठाईऐवजी सगळ्यांना एकेक कॅमेरा दिला होता, त्यातलाच हा दारावर लावलेला. स्वयंपाकघराशेजारची स्क्रीन उजळली. तिनं धावत जाऊन स्क्रीनखालचा, बाहेरच्या माणसाशी बोलायचा रिसीव्हर उचलला. "आले" म्हणणार होती.

स्क्रीनवर रघुपती रुमालानं तोंड पुसत होता. कॉलर नीट केली. हनुवटीखालचे चार केसही आज नव्हते. केवढ्या काळजीनं दाढी केली होती बिचाऱ्यानं! हा चेहरा आज पगारासाठी नव्हे, तिच्यासाठी आला होता. सुनंदाचं काळीज भरून आलं.

रिसीव्हर उचलला की बाहेर बेलच्या जाळीतून खरखर ऐकू येते. रघुपतीला ती कळली. तो एकदम स्तब्ध झाला, भिंगात सरळ बघत उभा राहिला, अगदी स्टुलावर बसल्यासारखा. आणि सुनंदा बघत राहिली. हात आपोआप स्थिर झाला, नजर आपोआप कोपऱ्यांवरून फिरली. उजवीकडे वर जरासं अंधुक होतं. मग पुन्हा भुवई, पुन्हा ओठ. अजून थोडं बघू दे, असं तिला वाटलं. घाई कसली? ती उठा म्हणेपर्यंत तो हलत नसतो.

ओठ खाली ओढला गेला. पण या वेळी हसू नव्हतं.

"बघायलाय न्हवं?" रिसीव्हरमधून तो हळूच म्हणाला. "असू दे. कळलं मला."

स्क्रीनवर नुसतं फाटक उरलं. थोड्या वेळानं तेही विझलं.

तेव्हा कुठं ती भानावर आली. दोन्ही कड्या काढून अनवाणीच रस्त्यावर धावली. कोपऱ्यावर एक रिक्षा वळून दिसेनाशी झाली. दुसरा कुणी असता तर घरात माणूस नाही असं समजून संध्याकाळी पुन्हा आला असता. पण आत कोण उभं आहे, काय बघतं आहे, हे साऱ्या बेंगळुरूत या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

स्टेशनवर जावं, असं तिच्या मनात आलं. पण गाडी कुठली, कितीची? निपाणीत घर कुठं? भावाचं नाव काय? तिनं कधी विचारलंच नव्हतं. इतके दिवस नुसतं बघितलं होतं.

"रघुपती!" ती ओरडली. त्याच्या नावानं मारलेली ही तिची पहिली हाक होती. इडलीच्या गाडीवरची माणसं वळून बघू लागली. गाडीवाल्या शिवाप्पानं हातातली पळी खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, "यारु बेकु अक्का? कुणाला बोलावता?"

सुनंदाला रडू फुटलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिनं तोंड झाकलं नाही.