तांबड्या ठिपक्याची माशी

मेंढरं विकल्यापासून दत्तोबांच्या हाताला काम नव्हतं. त्यात सून राजलक्ष्मीनं डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांची पेटी आणून ठेवली आणि श्रावण सरताना माश्यांच्या अंगावर मोहरीहून बारीक, तांबूस कोळी चिकटलेले दिसले.

"गोचीडच की ही," दत्तोबा म्हणाले.

राजलक्ष्मी बारामतीत प्रशिक्षण घेऊन आली होती. साखरेच्या पाकात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड मिसळून चौकटींमधल्या फटींत बेतानं सोडायचं, कोळी गळून पडतात, असं तिनं समजावलं. अ‍ॅसिड म्हटल्यावर दत्तोबांनी साफ नकार दिला. गोचीड हातानं काढायची असते. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. सुनेचा भुवया कोरायचा चिमटा मागून घेऊन ते पेटीसमोर बसले.

पहिल्या दिवशी अकरा माश्या साफ झाल्या. पेटीत वीस हजार असतील, असं राजलक्ष्मीनं सांगितलं, तर त्यांनी घाई कुणाला हाय म्हणून विचारलं. झालेली माशी पुन्हा हातात येऊ नये म्हणून मेंढराला लावतात तसा तिच्या पाठीवर काडीनं तांबडा ठिपका लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

ठिपक्याची गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि लोकांचे फोन येऊ लागले. तुमचं एक ठिपक्याचं आमच्या सूर्यफुलात शिरलंय, असं शेजारच्या गोकुळनं कळवलं. दत्तोबा काठी घेऊन गेले आणि बांधावर उभं राहून माफी मागून आले. वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या एका बाईंना तुळशीवर दोन दिसल्या. त्या पाणी प्यायल्या का, एवढंच दत्तोबांनी विचारलं.

पंधरा दिवसांत पेटी निम्मी झाली. पंख वाकडे झालेल्या माश्या पेटीच्या दारात सरपटू लागल्या. दत्तोबांनी चिमटा खाली ठेवला. तेव्हा राजलक्ष्मी त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मामा, मेंढरांना खरूज झाली की काय करत व्हता?"

"औषधाच्या पाण्यातनं काढायचो."

"एकेक निवडून?"

"न्हाय. सगळीच. एक राहिलं तरी परत लागतंय."

"मग हे बी तेच हाय."

दत्तोबा कबूल झाले, पण ठिपक्याची सगळी माघारी आल्याशिवाय औषध सोडायचं नाही, या अटीवर. आदल्या सांजेच्या मोजणीत तशा सदतीस उरल्या होत्या. दुपारपासून पेटीच्या दाराशी बसून त्यांनी मोजल्या. दिवस कलताना छत्तीस भरल्या. पाकाचं भांडं घेऊन राजलक्ष्मी ताटकळत उभी राहिली. दत्तोबांनी वस्तीभर फोन लावले. अखेर गोकुळला उरलेली एक सूर्यफुलावर निजलेली सापडली. पेल्यावर रुमाल बांधून, मोटारसायकल पायी ढकलत त्यानं ती आणली. गाडीच्या हादऱ्यानं ती घाबरेल, असं त्याला वाटलं होतं.

मग राजलक्ष्मीनं हातमोजे चढवून औषध सोडलं. दत्तोबा पेटीवर हात ठेवून, घाबरू नका, घाबरू नका, म्हणत होते.

सकाळी पेटीच्या तळाशी अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर शेकड्यांनी कोळी पडले होते. तो कागद दत्तोबांनी स्वतः चुलीत घातला आणि पुढचं औषध कधी द्यायचं ते सुनेला विचारून भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.