दारातल्या वहाणा

जळालेली मोटर दुकानात आली की आधी कॉइल कापायची नाही. हा अब्बांचा पहिला नियम. नवख्या माणसाचा हात आधी कटरकडंच जातो, कारण जळकी तार डोळ्यांत खुपते. पण एकदा ती कापली की आत किती वेढे होते, कुठली तार कुठून निघून कुठं गेली होती, हे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून आधी कागद घ्यायचा. वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, जे दिसतंय ते सगळं लिहून काढायचं. कटर त्यानंतर.

गडमुडशिंगीच्या रस्त्याला आमचं मोटरी भरायचं दुकान आहे. भरायचं म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. लालासाब उस्तादांचं दुकान म्हटलं की कोडोलीपासून जयसिंगपूरपर्यंत लोक ओळखतात. लालासाब म्हणजे माझे अब्बा. मी नजीरा, त्यांची एकुलती एक मुलगी. बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम शिकले. चार वर्षांपूर्वी ते गेले, आणि तेव्हापासून दुकानातली प्रत्येक मोटर मीच भरते.

आसपासच्या लोकांना हे ठाऊक आहे. लांबच्या गिऱ्हाइकांना नव्हतं. अब्बांच्या चपला मी उंबऱ्याशी तशाच ठेवल्या होत्या, रोज फडक्यानं पुसून. गिऱ्हाईक यायचं, चपला बघायचं आणि विचारायचं, "उस्ताद हायत न्हवं?" मी म्हणायची, "येतील एवढ्यात." मग तो निर्धास्त होऊन मोटर उतरवायचा. सुरुवातीला दोघातिघांना खरं सांगून बघितलं होतं. "बघतो, येतो" म्हणून जे गेले ते गेलेच. बाईच्या हातचा चहा चालतो, पाना चालत नाही. खोटं बोलायची लाज वाटायची, नाही असं नाही. पण चपला ठेवल्या की मोटरी येत होत्या, आणि मी ठेवत गेले.

हे एकदाचं संपवायचं तर वायरमनचं सर्टिफिकेट हवं होतं. माझ्या नावाचं, फ्रेम करून भिंतीवर लावायला. त्या परीक्षेला दहावी पास लागते आणि मी नववीत शाळा सोडलेली. तोहिदनं, माझ्या नवऱ्यानं, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मी दहावीला बसले. गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळं पहिल्या फटक्यात निघालं. मराठी तेवढं राहिलं. मार्चमध्ये राहिलं, जुलैत पुन्हा राहिलं.

कारण कविता. कवितेच्या प्रश्नांना मी हातच लावत नव्हते, पानं कोरी सोडत होते. कवितेशी माझं भांडण पाचवीतलं. चंद्र एका मुलाच्या मागं मागं चालतो, अशी कुठलीशी कविता होती. गुरुजींनी अर्थ विचारला. मी उठून सांगितलं, "चंद्र चालत न्हाय गुरुजी. त्यो लांब हाय म्हणून तसं दिसतंय." वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजी म्हणाले, "बस खाली. मोटरवाल्याची पोर, हिला कविता काय कळणार." मी जी बसले ती तीस वर्षं उठले नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र ठरवलं की आता कवितेलाच तोंड द्यायचं. राजारामपुरीत दर रविवारी नापासांचा क्लास चालतो, तिथं नाव घातलं. स्नेहल मॅडम शिकवायच्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मनानं चांगल्या, पण घड्याळाच्या धाकात असलेल्या. कविता एकदा भराभर वाचायच्या आणि गाईडमधला अर्थ लिहून द्यायच्या. अशाच एका रविवारी ही कविता आली:

तुझं ताट वाढून ठेवलंय,
तुझा तांब्या भरून ठेवलाय.
खुंटीवर तुझा सदरा,
दारात तुझ्या वहाणा, नीट.
शेजारीण विचारते, कधी येणार?
मी म्हणते, येईल एवढ्यात.
सकाळी तांब्या तुळशीला ओतते,
पुन्हा भरते.

मॅडमनी अर्थ सांगितला, "मुलगा नोकरीसाठी शहरात गेला आहे. आई आतुरतेने त्याची वाट पाहत आहे. आईच्या मायेचे हृदयस्पर्शी चित्रण. लिहून घ्या, दरवर्षी येतं." सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. मीही घेतलं.

घरी पाठ करायला बसले तर संतापच आला. येईल एवढ्यात. हे माझं वाक्य होतं. माझ्या दुकानातलं वाक्य या पुस्तकात कोणी घातलं? आणि जे वाक्य मी रोज म्हणते त्यात आतुरता-बितुरता काही नसते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? गाईडचा अर्थ घशाखाली उतरेना. पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेले.

दुपारी हात रिकामा झाल्यावर अब्बांची नोंदवही काढली. कोरं पान घेतलं आणि पेन्सिलीनं लिहायला लागले. माझी मुलगी जोया, अकरावीला आहे, ती डबा घेऊन आली आणि मागं उभी राहून बघायला लागली. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगते.

"अम्मी, कविता हाय ती. मोटर न्हाय."

"गप बस. उघडून तर बघू दे."

"अर्थ गाईडमधी दिलाय की."

"गाईडवाल्यानं आधी कापलंय, मग मोजलंय," मी म्हटलं. जोया हसली आणि डबा ठेवून गेली.

मी जे दिसतंय तेवढंच लिहिलं. ओळी आठ. शेवटची सगळ्यांत आखूड, दोनच शब्द; तिथं बोलणारीचा दम संपला असणार. माणसं तीन: बोलणारी, शेजारीण, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो. तो एकदाही बोलत नाही. आई हा शब्द कुठंच नाही. मुलगा नाही, शहर नाही, नोकरी नाही. हे सगळं गाईडवाल्यानं घरून आणलेलं. वस्तू: ताट एक. तांब्या एक. सदरा एक. वहाणा एक जोड.

वहाणांपाशी पेन्सिल थांबली. वहाणा दारात आहेत. मग हा गेला कसा?

मी मान वर केली आणि समोर उंबऱ्याशी अब्बांच्या चपला होत्या. त्या दिवशी ते याच बाकड्यावर छाती धरून आडवे झाले. तोहिदनं आणि शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. चपला इथंच राहिल्या. चालत जाणारा माणूस चपला घालून जातो. चपला मागं राहतात त्या उचलून नेलेल्या माणसाच्या. कवितेतल्या त्या बाईला हे पक्कं माहीत आहे. शेजारणीला ती काहीतरी सांगते, कारण शेजारणीला काहीतरी सांगावं लागतं. आणि रात्रभर कोणी तोंड न लावलेलं पाणी सकाळी ओतून टाकते.

अब्बा गेल्यावर मला रडायला फुरसत मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलेलं. त्या दुपारी वार्निशच्या डब्याशेजारी बसून मी पोटभर रडले. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. तीस वर्षांपूर्वी जिला कविता कळणार नाही असं सांगितलं होतं तिला एक कविता कळली होती, तीही कोणी न सांगता.

पुढच्या रविवारी क्लासमध्ये हात वर केला.

"मॅडम, तो शहराला गेला असंल तर अनवाणी गेला काय?"

"म्हणजे?"

"वहाणा दारात हायत. कवितेतच लिवलंय."

मागच्या बाकावरची पोरं हसली. अगदी पाचवीतलं हसू. माझे कान तापले, पण या वेळी मी बसले नाही.

मॅडम म्हणाल्या, "भाभी, दुसऱ्या घालून गेला असेल की."

"ज्याच्या खुंटीला एकच सदरा, तो दोन जोड कुठनं आणणार? आन सदरा बी हितंच हाय. उघडाच गेला म्हणायचा." पोरं पुन्हा हसली, पण आता मॅडमकडं बघून. मी म्हटलं, "तो कुठं बी गेल्याला न्हाय मॅडम. तो मेलाय. आन ह्या बाईला ते म्हाईत हाय."

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं आणि कविता पुन्हा वाचली, पहिल्यांदाच सावकाश. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "सहा वर्षं शिकवतेय मी ही." थोड्या वेळानं माझ्या बाकाजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, "तुमचं बरोबर असेल, भाभी. पण तपासणाऱ्याकडं उत्तर ठरलेलं असतं. दोनदा गेलाय तुमचा विषय. पेपरात गाईडचंच लिहा. पास व्हायचंय ना?"

व्हायचं तर होतंच. त्यांचं चुकत होतं असंही नाही. जोयानं तेच सांगितलं, तोहिदनं तेच सांगितलं. मीही मान हलवली आणि गाईडचा अर्थ दातओठ खाऊन पाठ केला.

मार्चमध्ये पेपर हातात आला तर तीच कविता. खाली प्रश्न: कवितेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा. मी लिहिलं, "मुलगा नोकरीसाठी शहरात". तीन शब्दांवर हात थांबला. तुमच्या शब्दांत, असं त्यांनीच विचारलं होतं. माझ्याकडं माझे शब्द होते, आणि मी दुसऱ्याची जळकी तार उचलून नव्या मोटरीत बसवत होते. अशी मोटर मी गिऱ्हाइकाला कधी दिली नाही. अब्बांनी दिली नाही. ते तीन शब्द खोडले आणि लिहायला लागले. ओळी आठ. वस्तू इतक्या. वहाणा दारात आहेत, म्हणून तो चालत गेलेला नाही. एकेका ओळीचा पुरावा देत दीड पान लिहिलं. पेपर देऊन बाहेर आले. तिसऱ्यांदा नापास झाले तर पुन्हा जुलैत बसायचं, तेव्हाही हेच लिहायचं, एवढं मनाशी पक्कं केलं.

तीन वाजता दुकानात पोचले. बाहेर टेम्पो उभा, आणि आतल्या बाकावर कोडोलीचे हंबीरराव बसलेले. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस ओ देईल. जोयानं त्यांना चहा दिला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

"विहिरीवरची मोटर जळली की गं," हंबीरराव म्हणाले. "तासभर झाला बसलोय. उस्ताद कुठं गेल्यात?"

ते वाक्य जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात त्यांनी उंबऱ्याकडं बोट केलं.

"चपला तर हितं हायत. अनवाणी गेल्यात व्हय?"

तासाभरापूर्वी याच प्रश्नाचं उत्तर मी दीड पान लिहून आले होते. पेपरात खरं लिहायचं आणि दारात खोटं बोलायचं, हे मला जमेना.

"आप्पा, उस्ताद गेले," मी म्हटलं. "चार वर्सं झाली."

त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मग गेल्या उन्हाळ्यात माजी मोटर कुणी भरली?"

"मी."

"त्याच्या आदली? वड्याकडची?"

"ती बी मीच."

"ती अजून चालतीया," ते म्हणाले, माझ्याशी भांडल्यासारखे. मग उठले आणि टेम्पोकडं चालू लागले. मला वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक. जोयानं माझा हात धरला. हंबीररावांनी ड्रायव्हरला हाक मारली, दोघांनी मिळून मोटर उतरवली आणि माझ्या बाकड्यापुढं आणून ठेवली.

"चार वर्सं बोलली न्हाईस," ते कमरेला हात लावून म्हणाले. "लालासाबच्या मातीला आलो असतो की मी."

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. गिऱ्हाईक राखायच्या नादात मी लोकांचं अब्बांसाठीचं रडणंही स्वतःकडं ठेवून घेतलं होतं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"चपला आत घे त्या," ते म्हणाले. "आन परवापतुर मोटर दे. पाणी पाळीचं हाय."

त्याच संध्याकाळी मी चपला शेवटच्या पुसल्या, जुन्या ओढणीत गुंडाळल्या आणि घरी नेऊन अब्बांच्या पेटीत ठेवल्या.

निकाल लागला, मराठीत पास झाले. काठावर, पण पास. त्या दीड पानाला तपासणाऱ्यानं काही दिलं की सगळं बाकीच्या प्रश्नांवर निभावलं, ते मला कधीच कळणार नाही. वायरमनचा फॉर्म भरलाय. फ्रेम अजून व्हायची आहे. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली.

उंबऱ्याशी आता माझ्या चपला असतात. परवा जयसिंगपूरहून एक नवीन माणूस आला. चपलांकडं न बघताच दारातून विचारलं, "उस्ताद हायत न्हवं?"

"हाय की," मी म्हटलं. "बोला पावणं, काय जळलंय?"