ध्रुवयानचा शेवटचा भाग

घरात तिला सगळे कप्तान म्हणत. नातवंडं कप्तानआजी म्हणत, ती मनापासून. मोठी माणसं म्हणत, ती मात्र तिला डिवचायला, आणि त्यात सगळ्यात पुढे तिचा थोरला भाऊ. दादाचे गुडघे कधीच गेले होते, पण जिभेची धार तशीच होती. चार माणसं जमली, कप्तानआजीनं गोष्ट सुरू केली, की कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून ठरलेला प्रश्न यायचा, "पुरावा काय?"

प्रकरण जुनं. टीव्ही काळापांढरा होता तेव्हा 'ध्रुवयान' नावाची मालिका लागायची, आणि ती लागली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. यान पुठ्ठ्याचं, त्यातली यंत्रं म्हणजे चंदेरी रंग दिलेले रिकामे डबे. कप्तानआजी तेव्हा ऐन पंचविशीत होती आणि कॅमेऱ्याआड बसून अडखळणाऱ्या नटांना पुढचा शब्द सांगायचं काम करायची. शेवटच्या भागाचं चित्रीकरण तोंडावर आलं आणि नायकाला गालगुंड झालं. गाल असे टम्म फुगले की अंतराळवीराच्या टोपात डोकं जाईना. दिग्दर्शकानं आधी कपाळावर हात मारला, मग आजूबाजूला पाहिलं, आणि सगळे संवाद तोंडपाठ असलेलं एकच माणूस त्याला दिसलं. कप्तान जखमी झाला, यान उपकप्तानाच्या हाती आलं, अशी कथेला ठिगळं लावली. नायकाचा पोशाख पाठीमागून टाचण्या मारून तिच्या अंगाला बसवला. शेवटच्या भागात ध्रुवयान तिनं घरी आणलं.

आणि तिच्या घरी काय झालं? दादानं आकाशपाताळ एक केलं. आपली बहीण विजार घालून साऱ्या दुनियेसमोर उभी राहणार, हे त्याच्या पचनी पडेना. "मी बघणार नाही," तो म्हणाला. आता दादा एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं हो होत नसे. तीही त्याचीच बहीण. बॅग उचलली आणि स्टुडिओजवळ खोली घेऊन राहिली. भाग लागला तेव्हा तिनं तो खोलीमालकिणीच्या घरी बघितला. पुढे येणंजाणं सुरू झालं, धरलेला अबोलाही सुटला, पण त्या भागाबद्दल दोघं सरळ कधी बोलली नाहीत. सल राहिला तो राहिलाच.

त्यातच वाहिनीनं जागा नाही म्हणून जुन्या फिल्मची कोठीखोली रिकामी केली आणि शेवटचा भाग बाराच्या भावात गेला. मालिकेचे चाहते अजून मेळावे भरवतात, पण त्यांच्याही लेखी शेवटच्या भागाचा कप्तान म्हणजे तोच नायक. कप्तानआजीनं एकदा पत्र पाठवून कळवलं, तर त्यांनी तिला गोड शब्दांत वाटेला लावलं. बाकीच्यांचं तिला काही नव्हतं. पण दादानं पुरावा मागावा हे तिला फार लागायचं. "तू बघितलं असतंस तर पुरावा लागला नसता," ती म्हणायची, आणि जेवणाची चव जायची.

अशात एका सकाळी फोन आला. जुन्या फिल्म सांभाळणाऱ्या संस्थेत तुटलेले तुकडे जोडणाऱ्या, जोडणीवाल्या बाई बोलत होत्या. "शेवटच्या भागात तुम्ही होतात असं पत्र चाहत्यांना तुम्हीच पाठवलं होतं ना? नंबर त्यांच्याकडूनच घेतला. जरा येऊन जाता का?"

जोडणीवालीची खोली आंबूस वासानं भरलेली होती. टेबलाच्या दोन्ही टोकांना चकत्या, मध्ये दिव्याची काच, आणि बाईंच्या हातात पांढरे सुती मोजे. जोडणीवालीनं आधी कामाची जुनी पद्धत समजावली. त्या काळी आवाजाची रिळं वेगळी असायची. जिथं शांतता हवी तिथं कोरी फिल्म लावायला कोण देतो? मग टाकाऊ फिल्मचे तुकडे चिकटवून लांबी भरून काढायची. बागकामाच्या एका कार्यक्रमाची अशीच आवाजाची रिळं ती दुरुस्त करत होती. माळी बोलायचा थांबला की मध्ये भलतीच चित्रं निघायची. ती तिनं जपून बाजूला काढली आणि एकापुढे एक लावली.

"बघा," ती म्हणाली आणि दिवा लावला.

काचेवर नखाएवढी एक मुलगी उभी होती. हनुवटी वर, हात सुकाणूवर. पुढच्या तुकड्यात ती वळली, आणि तिच्या पाठीवर टाचण्यांची रांग चमकली. कप्तानआजीनं तोंडावर हात धरला. बोलायला गेली तर शब्द फुटेना. जन्मभर दुसऱ्यांना शब्द पुरवले, आणि आज तिलाच कुणी सांगायला नव्हतं.

"दोन-चार ठिकाणी चित्र उडी मारतं," जोडणीवाली म्हणाली, "पण बाकी भाग पुरा आहे. पंचाईत एकच. आवाज नाही. मुका आहे."

कप्तानआजीचा चेहरा उतरला. त्या भागाचा सगळा जीव शेवटच्या बोलण्यात होता. बिघडलेलं यान, धीर सोडलेले सोबती, आणि कप्तान त्यांना एकेकाला नावानं हाक मारून उभं करते. मुकी कप्तान नुसते ओठ हलवणार. आज ते संवाद म्हणायचे तर आवाज आता म्हातारीचा. "राहू दे," ती म्हणाली, "चेहरा तरी मिळाला." पण परतताना तिला रडू आवरलं नाही.

रविवारी दादाकडे सगळे जेवायला जमले, तेव्हा तिनं ताटावरच सांगून टाकलं. पोरांनी कालवा केला. वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दादा मात्र मान खाली घालून जेवत होता. पुरावा मागितला नाही की टोमणा मारला नाही. हात धुऊन झाल्यावर तो सुनेला म्हणाला, "माळ्यावर माझी हिरवी पेटी आहे. तेवढी खाली घे."

पेटीत जुनी हत्यारं होती, तुटका चष्मा होता, आणि तळाशी मलमलीत गुंडाळलेलं टेपचं एक रीळ. दादानं ते बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"आवाज," दादा म्हणाला. "टेपरेकॉर्डर टीव्हीला टेकवून ठेवला होता."

"तू तर बघणार नव्हतास."

"नाहीच बघितलं. टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो. दिलेला शब्द मोडायचा नाही."

हा माणूस पाठ करून बसला होता. कप्तानआजीला हसावं की त्याच्या डोक्यात पितळी तांब्या घालावा, कळेना. "आणि इतकी वर्षं पुरावा काय, पुरावा काय करून माझा जीव खाल्लास?"

"तुझ्याकडे काय आहे ते विचारत होतो. माझ्याकडे काय आहे, ते तू कधी विचारलंस?" दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून पुटपुटला, "आधी हट्टानं दिलं नाही. नंतर लाज वाटायला लागली. चूक झाली माझी."

दादा चूक झाली म्हणाला, हे घरातल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. वहिनी तर पदर तोंडाला लावून उभीच राहिली.

जोडणीवालीनं आवाज चित्राला जुळवायला बरेच दिवस घेतले. काम झाल्यावर तिचा निरोप आला. "खरखर बरीच काढली. एक आवाज मात्र मुद्दाम ठेवलाय. चाहत्यांच्या मेळाव्यात भाग दाखवणार आहोत, तो तुम्ही तिथं सभागृहातच ऐका."

सभागृह खच्चून भरलं होतं. ज्यांनी तिला वाटेला लावलं होतं ते चाहते हार घेऊन दारात उभे होते. पहिल्या रांगेत दादाची चाकाची खुर्ची आणि शेजारी कप्तानआजी. दिवे मालवले, पडदा उजळला, आणि तिनं बाजूला पाहिलं तर दादा आपल्या गुडघ्यांकडे टक लावून बसलेला.

"दादा," ती म्हणाली, "बघ ना रे."

त्यानं मान वर केली.

पडद्यावर पंचविशीतली मुलगी सुकाणूला उभी होती, आणि तिचा आवाज खणखणीत होता. यान हेलकावे खात होतं, डबे लुकलुकत होते, कुणी हसलं नाही. ती सोबत्यांकडे वळली, तिनं पहिलं नाव घेतलं, आणि त्याच वेळी टेपमधून भांडी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका तरुण माणसाचा, दबका पण करडा:

"गप्प बसा सगळे. माझी बहीण बोलतेय."

सभागृहात हशा पिकला. मग टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले, आणि त्या गदारोळात कप्तानाचं बोलणं बुडून गेलं. कप्तानआजीला पुढचं काही दिसेनासं झालं होतं. ती दादाच्या हातासाठी चाचपडत होती, पण हात जागेवर नव्हता. दादा खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन, गेलेल्या गुडघ्यांवर उभा राहिला होता आणि वळून लोकांकडे बघत होता.

"गप्प बसा सगळे," तो म्हणाला. "माझी बहीण बोलतेय."

सभागृह चिडीचूप झालं. कप्तान शेवटपर्यंत बोलली, आणि दादानं पडद्यावरची नजर हलवली नाही.